माशीने धरावयाचा मासा

आपल्या लष्करच्या सराफा बाजारात रेशमाच्या धाग्यात मणी गाठविणारा पटवेकरी ज्यांनी काम करताना पाहिला असेल, त्यांना आजचा विषय समजावून सांगणे मला सोपे जाईल. धाग्याचा ताण क्षणभरही सैल होऊ न देता तो एका हाताने जरीचे वेढे देतो आणि दुसऱ्या हाताने गाठ सरकवितो. हेच काम मण्यांऐवजी बोटाच्या पेराहूनही लहान अशा पोलादी गळावर केले आहे अशी कल्पना करा. रेशमाचे वेढे देऊन त्याचे अंग तयार केले, त्यावर चकचकीत तारेचे दोन फेरे घेतले, मोरपिसाच्या एखाद्या तंतूने ते थोडे केसाळ केले आणि कोंबड्याच्या मानेवरचे पीस गुंडाळून त्याला पाय दिले, की जी वस्तू तयार होते तिला विलायतेत फ्लाय, म्हणजे माशी, असे नाव आहे. हिच्यात खाण्यासारखे काहीही नसते. तरीही थंड पाण्यातला अत्यंत सावध असा मासा, ट्राउट, तिच्यावर झेप घेतो.

मासा आणि सराफ यांचे नाते तसे जुनेच आहे. कालिदासाच्या नाटकातला कोळी रोहित माशाच्या पोटात सापडलेली राजमुद्रेची अंगठी विकावयास निघाला आणि पकडला गेला. नव्या करारात पेत्राला समुद्रात गळ टाकावयास सांगितले जाते आणि पहिल्याच माशाच्या तोंडात कर भरण्यापुरते नाणे निघते. बाकी सर्वत्र पेत्र जाळेवाला आहे. गळाचा हा एवढाच प्रसंग. असो.

पिसांच्या या माशीत आपल्या देशाचाही वाटा होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत राखी रानकोंबडा आढळतो. त्याच्या मानेवरच्या पिसांवर मिनेकारी केल्यासारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. इंग्लंडातल्या गळबहाद्दरांना या पिसांचे इतके वेड होते, की त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे बोटीने तिकडे जात. शेवटी या पक्ष्यासाठीच ती निर्यात बंद करावी लागली. एका माशाला फसविण्यासाठी किती रानकोंबडे खर्ची पडले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कृत्रिम माशीची विद्या प्राचीन आहे. इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांचे वर्णन केले आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळीत व कोंबड्याची पिसे लावीत. इंग्लंडात १४९६ मध्ये छापलेल्या एका प्रकरणात बारा माश्यांच्या कृती दिलेल्या आहेत, आणि आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. परंतु आपल्या दख्खनेत त्याहून कितीतरी आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला, तेव्हा त्यात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण घातले. कोणता मासा कोठे राहतो, त्याला कोणते आमिष रुचते, काठी व दोर कसा असावा, हे सारे एका राजाने बारकाईने लिहून ठेवावे ही मोठी गमतीची गोष्ट आहे. त्याचे आमिष मात्र खाण्याचे आहे. पिसांची माशी ही थंड देशातली युक्ती, कारण ट्राउट हाच थंड देशातला मासा.

आता ही युक्ती चालते कशी ते पाहू. साध्या गळाला शिशाचे वजन असते. ते फेकले की दोर मागोमाग जातो. पिसांच्या माशीला वजनच नाही, ती फेकणार कशी? म्हणून येथे दोरच जड करतात, आणि टांगेवाल्याच्या चाबकासारखा तो हवेत मागे नेऊन पुढे सोडतात. मागे गेलेला दोर पुरता सरळ होईपर्यंत थांबावे लागते. घाई केली तर चाबकासारखाच आवाज होतो आणि माशी तुटून उडते. दोराच्या टोकाला आठनऊ फुटांचा बारीक होत जाणारा पारदर्शक धागा असतो. नायलॉन येण्यापूर्वी तो रेशमाच्या किड्यापासूनच करीत. किडा कोश विणावयास लागण्याच्या बेतात असताना त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी काढून ती ओढून लांबवीत.

माशाच्या बाजूचा विचार केला तर प्रकाशाचे वक्रीभवन आठवावे लागते. ते मी दरवर्षी नववी-दहावीच्या मुलांना शिकवितो आणि दरवर्षी त्यांना पेन्सिल पाण्यात वाकडी दिसते एवढेच लक्षात राहते. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो आणि तिच्यापलीकडचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो. मासा एक मीटर खोल असेल तर खिडकीचा व्यास सव्वादोन मीटर; तो वर येऊ लागला की खिडकी आक्रसत जाते. काठावरचा उभा मनुष्य त्या खिडकीच्या कडेला चेपटलेल्या आकृतीसारखा दिसतो, आणि तो खाली वाकून बसला तर जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून जाणता गळवाला काठाशी गुडघ्यांवर बसतो. यात नम्रतेचा काही भाग नाही, निव्वळ भूमिती आहे.

नदीत पाणी वाहते, मासा एका जागी तोंड करून उभा राहतो आणि प्रवाह त्याचे अन्न त्याच्याकडे आणतो. डोंगरातल्या सरोवरात प्रवाह नाही. तेथे मासा स्वतः फिरतो, आणि काठालगत ठरलेल्या वाटेने फेऱ्या घालतो. त्यामुळे सरोवरातली कला दूर फेकण्यापेक्षा पाहण्याची अधिक आहे. काही वर्षांपूर्वी जुलैअखेर रजा काढून मी काश्मिरात नारानागहून चढून हरमुख शिखराच्या पायथ्याशी असलेल्या गंगाबल सरोवरापर्यंत गेलो होतो. सरोवराची उंची सुमारे साडेतीन हजार मीटर. झाडांची हद्द खालीच राहिलेली. जवळच नुंदकोल नावाचे दुसरे लहान सरोवर आहे. तेथे एक वयस्क काश्मिरी गृहस्थ काठी हातात घेऊन खडकाआड बसले होते. अर्धा तास झाला तरी त्यांनी दोर सोडला नाही. मी गळ धरणारा मनुष्य नव्हे; मला राहवले नाही. विचारले, “चाचा, किस का इंतज़ार है?” ते पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, “घूम रहा है, आने दीजिए.” मग मलाही दिसले. वाऱ्याने गवतावरचे किडे पाण्यावर उडवून आणले होते, आणि कडेने एकामागून एक वर्तुळे उमटत पुढे सरकत होती. शेवटच्या वर्तुळाच्या चारपाच हात पुढे त्यांनी माशी अलगद टेकविली आणि श्वास रोखल्यासारखे थांबले. त्या दिवशी त्यांनी चार मासे काठाला आणले. दोन लहान होते, ते ओल्या हाताने सोडून दिले. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचे बुळबुळीत आवरण निघते आणि मग त्याला रोग जडतो, हे त्यांनी मला न विचारता सांगितले.

या सरोवरांत पोहणारा हा ट्राउट काश्मिरी नाही, हिंदुस्थानीही नाही. तांबड्या-काळ्या ठिपक्यांचा ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा, तर अंगावर गुलाबी पट्टा असलेला रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. दोघेही येथे आले ते माणसाच्या हातून, आणि तेही अंड्यांच्या रूपाने. ट्राउटचे अंडे थंडीत फार सावकाश वाढते. दहा अंश तापमानाच्या पाण्यात पिलू बाहेर येण्यास सहा आठवडे लागत असतील, तर पाच अंशांत सुमारे तीन महिने. याचा फायदा घेऊन १८६४ मध्ये नॉर्फोक नावाच्या जहाजातून ओल्या शेवाळात बांधलेली, बर्फाखाली ठेवलेली अंडी इंग्लंडहून टास्मानियासाठी पाठविण्यात आली. प्रवास बारा आठवड्यांचा. मुख्य भरणा सामन माशाच्या अंड्यांचा होता, ट्राउटची अंडी थोडी, जाता जाता टाकलेली. सामन तेथे रुजला नाही, ट्राउट मात्र असा पसरला की आज तेथली डोंगरी सरोवरे त्याच्यासाठी जगात प्रसिद्ध आहेत.

आपल्याकडे फ्रान्सिस डे या डॉक्टरने १८६३ मध्ये निलगिरीवर प्रयत्न केला, तो फसला. तेथे यश आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, विल्सन या अधिकाऱ्याने अव्हलांश येथे अंडी उबविण्याचे केंद्र काढले तेव्हा. काश्मिरात फ्रँक मिचेल नावाचा गालिच्यांचा कारखानदार होता. ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट म्हणून पाठविलेली पहिली खेप १८९९ मध्ये वाटेतच नासली. दुसरी खेप १९०० च्या डिसेंबरात स्कॉटलंडहून आली आणि जगली. श्रीनगरजवळ हारवान येथे उबवण सुरू झाली. तेथून पिले घोड्यांवर आणि माणसांच्या पाठीवर लादलेल्या पाण्याच्या भांड्यांतून वरच्या ओढ्यांत व सरोवरांत गेली. कुलू खोऱ्यात बियास नदीकाठी कटराईनला १९०९ मध्ये असेच केंद्र निघाले. हे सारे घडले ते थोड्या परदेशी साहेबांना घरच्यासारखी शिकार मिळावी म्हणून. आज त्या माशावर काश्मिरातल्या आणि हिमाचलातल्या कितीतरी कुटुंबांचे पोट चालते, हेही तितकेच खरे. तळ्यांत वाढविलेला ट्राउट दिल्लीच्या बाजारात विकला जातो.

मिचेलने आणलेला मासा इतका टिकला कसा? ट्राउटला लागतो तो थंडपणा आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. आपल्या तिघऱ्याच्या तलावात मे महिन्यात ट्राउट सोडला तर तो गुदमरूनच मरेल. फार उंचावर हवा विरळ असल्याने प्राणवायू तसा कमी, परंतु पाण्याच्या थंडीने ती तूट बरीचशी भरून निघते. अंडी घालण्यास मादीला वाहते पाणी आणि स्वच्छ खडे लागतात; ती शेपटीने खड्ड्यासारखी जागा करून अंडी खड्यांखाली पुरते. म्हणून ज्या सरोवराला चांगला ओढा येऊन मिळतो तेथेच त्याचा वंश आपोआप चालतो. आणि वर्षातून पाचसहा महिने बर्फाखाली राहणाऱ्या पाण्यात मासा वाढतो तोही सावकाश. पावशेर वजनाचा दिसणारा मासा चारपाच वर्षांचा असू शकतो. अशा सरोवरातून एका सहलीच्या मंडळीने दोनतीन डझन मासे नेले, तर ती पोकळी भरावयास काही वर्षे लागतात. परवाना, ठरावीक हंगाम आणि माशांच्या संख्येची मर्यादा हे नियम म्हणूनच आहेत. त्यांचा कंटाळा करणाऱ्यांनी हे वयाचे गणित एकदा करून पाहावे.

येथपर्यंत गोष्ट माणसाच्या आणि ट्राउटच्या बाजूने झाली. सरोवरात आधीपासून राहणाऱ्यांचे काय? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतावर हजारो सरोवरे आहेत. धबधब्यांमुळे त्यांतल्या बहुतेकांत मासा कधीच पोचला नव्हता. एकोणिसाव्या शतकापासून खेचरांवरून आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चक्क विमानांतून तेथे ट्राउटची पिले ओतण्यात आली. तेथे पिवळ्या पायांचा एक डोंगरी बेडूक पूर्वी पावलापावलाला सापडे. त्याची डिंभके पाण्यात दोनतीन वर्षे राहतात, म्हणून त्याला तळापर्यंत न गोठणारी खोल सरोवरेच लागतात. ट्राउटलाही तीच लागतात. बेडूक नाहीसा होऊ लागला. पुढे एका बुरशीने त्याची आणखी वाताहत केली, आणि २०१४ मध्ये सरकारला त्याचे नाव संकटग्रस्त प्राण्यांत घालावे लागले. काही सरोवरांतून जाळी लावून ट्राउट मुद्दाम काढून टाकण्यात आला. तेथे बेडूक परत आला. ज्या पिलांसाठी विमाने उडविली, तीच वाढल्यावर जाळ्यांनी काढण्यासाठी पगारी माणसे डोंगर चढली.

आपल्या हिमालयातही अशी चिंता अभ्यासक व्यक्त करीत आले आहेत. तेथला मूळ रहिवासी ‘स्नो ट्राउट’. नावात ट्राउट असला तरी हा रोहू-कटल्याच्या कुळातला, दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा गरीब मासा. ब्राउन ट्राउट शिकारी आहे, आणि दोघांना एकाच ओढ्यात राहावयाचे आहे.

हे सर्व दूरच्या परदेशी माशामुळे झाले, आपल्या माशाने असे झाले नसते, असे कोणास वाटत असेल तर लोणावळ्याची हकीकत ऐकावी. आपल्या डोंगरी पाण्याचा राजा महाशीर. मध्यप्रदेशाने तर त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. त्याच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून तिचे वर्णन केले आणि त्या काळचे स्थानिक नाव कानाला ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरविले. पुणे शहराखालच्या मुळा-मुठेची आजची स्थिती मी सांगावयास नको. धरणे झाली, पाण्यात विष आणि सुरुंग टाकून मासे मारले जाऊ लागले, आणि हा मासा दुर्मिळ होऊ लागला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण धरणापाशी १९७० च्या सुमारास महाशीरची कृत्रिम पैदास हाती घेतली. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढावयाची, ताटांत पसरून वाहत्या पाण्यात उबवावयाची, ही रीत बसविली. महाराष्ट्रातल्या मराठी माणसांनी एक मासा वाचविला, याचा आपणास अभिमान वाटावा असेच ते काम आहे. पिले लाखांनी झाली आणि देशभर वाटली गेली.

त्यांतली काही कावेरीला गेली. कावेरी आणि तिच्या उपनद्यांत तेथला स्वतःचा असा पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा महाशीर होता. जगातला सर्वांत मोठा महाशीर तोच. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाने धरलेल्या एका माशाचे वजन १२० पौंड भरले होते. लोणावळ्याचा निळसर परांचा मासा तेथे वाढला आणि कुबडवाला झपाट्याने दिसेनासा झाला. जगाला हे कळले ते कोणत्याही सरकारी मोजणीतून नव्हे. कावेरीकाठच्या शिबिरांत मासा धरून सोडणाऱ्या गळवाल्यांनी वर्षानुवर्षे ज्या वह्या लिहिल्या होत्या, त्यांतल्या नोंदी अभ्यासकांनी जुळवून पाहिल्या तेव्हा. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की हा एवढा थोरला मासा कोणत्या जातीचा, याचा निर्णय २०१८ पर्यंत झालेला नव्हता. त्या वर्षी तो ‘टॉर रेमादेवी’ ठरला, आणि त्याच वर्षी त्याचे नाव अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत गेले. नाव मिळाले आणि धोक्याची सूचनाही त्याबरोबरच मिळाली.

डॉ. कुलकर्णींचा यात दोष काढणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी मासा वाचविला. कोणत्या पाण्यात कोण राहते हे न पाहता पिले सोडणे, ही चूक पुढची. परंतु अशी चूक अजून होते. जयंतीला, वाढदिवसाला, एखाद्या पुढाऱ्याच्या हस्ते तलावात मत्स्यबीज सोडण्याचा समारंभ होतो, छायाचित्र निघते, आणि ते बीज कोणत्या जातीचे होते हे दुसऱ्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही. आमच्या शाळेतल्या मुलांना मी एवढेच शिकविले आहे, की असा समारंभ पाहिला तर पिशवीवरचे नाव वाचून यावे. आजवर तीन वेळा मुले वाचून आली. दोनदा पिशवीवर नावच नव्हते.

कोणा श्रोत्याला काश्मीरच्या सरोवरांकडे काठी घेऊन जावयाचे असेल तर उन्हाळ्याचे दिवस निवडावे. जूनपर्यंत वरच्या वाटांवर बर्फ असते आणि सप्टेंबरनंतर पुन्हा पडू लागते. परवाना मत्स्यविभागाकडून आधी काढावा. पुष्कळ ठिकाणी केवळ माशीचाच गळ चालतो, आमिषाचा चालत नाही. गळाला उलटा काटा नसावा, म्हणजे मासा न दुखवता सुटतो. एक वही आणि पेन्सिल बरोबर ठेवावी. पेन्सिल अशासाठी की शाई तेथल्या पावसात टिकत नाही. तारीख, सरोवराचे नाव, माशाची जात, लांबी, परांचा रंग, आणि सोडला की नेला, एवढे त्यात लिहिले तरी पुरे.